मागच्या होडीचा दोर

बाबा, तुमची पणती समुद्रात कायाक चालवते. म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. सुट्टीच्या दिवशी ती चार-पाच नवख्यांना घेऊन खाडीबाहेर जाते आणि कुणी दमलं, तर त्याची होडी आपल्यामागे बांधून ओढत आणते. त्यासाठी दोर घ्यायचा म्हणून परवा मला फोनवर चित्रं दाखवत बसली. एक दोर कमरेच्या पट्ट्याला लावायचा, दुसरा बसायच्या जागेमागे होडीलाच पक्का केलेला. "आजी, होडीला लावलेलाच बरा ना? कमरेला ओढ बसणार नाही." मी विचारलं, सोडायचा कसा? "सोडायचा कशाला? ओढायला घेतेय ना!" मला हसू आलं आणि मग तुमची इतकी आठवण आली की चष्मा काढून ठेवावा लागला.

तुम्ही धक्क्यावर तांडेल होतात, होडीवरच्या खलाशांचे मुकादम. आपल्या काळाचौकीच्या चाळीत भिंतीभिंतीवर चुन्यानं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. समोरच्या खोलीतला माणूस मोर्चाला गेला तो गोळीबारानंतर परत आलाच नाही. आई बाळंतपणाला गावी गेलेली. पुढच्या हरताळाला मला एकटीला घरी ठेवायचं तुमच्या जिवावर आलं, म्हणून बंदरात नांगरलेला पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, बघायला जाताना तुम्ही मला होडीत घेतलंत. दहा वर्षांची होते मी. इतका वेळ तुम्ही माझ्या एकटीचे, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. परतताना पडावावरच्या खलाशाचं वल्हं मोडतं, म्हणून त्याची छोटी होडी तुम्ही आपल्यामागे घेता. दोराला सुरगाठ मारता आणि सुटं टोक माझ्या मुठीत देता. "मी सोड म्हटलंय काय हिसको मार. ओढूक कोणाकव येता गो, सोडूक येवक व्हया."

आता ऐका. तुमची नजर समोरून येणाऱ्या मोठ्या बोटीकडे होती, तेवढ्यात मी त्या टोकाची वर आणखी एक गाठ मारली. घट्ट, निरगाठ. गेलेलं माणूस परत येत नाही हे नुकतंच पाहिलं होतं, आणि हा खलाशी मागेच राहिला तर, अशी मला भीती वाटली. मग बोटीच्या लाटा आल्या, मागची होडी पाण्यानं भरली, आपलीही मागून खाली बसू लागली. तुम्ही ओरडलात, "सोड गो, सोड!" मी ओढतेय आणि गाठ आणखीच आवळतेय. शेवटी तुम्ही कोयत्यानं दोर तोडलात. खलाशाला वर घेतलं, पण तोवर दोर आणि त्याच्या होडीच्या फळीमध्ये सापडून त्याची दोन बोटं कायमची गेली.

धक्क्यावर सगळे जमले. तुम्ही सांगितलंत, "माझोच हात चुकलो." मी तुमच्या शेजारी उभी होते, तोंडातून अक्षर काढलं नाही. पुढे दोर बांधायची वेळ आली की तुम्ही तो दुसऱ्याच्या हातात द्यायचात. वर्षभरात तांडेलकी सोडून गोदीच्या फाटकावर पहारेकरी झालात. सुट्टीच्या दिवशी मी चपला घालून दारात उभी राहायचे. तुम्ही पेपर वाचत बसायचात. मला पाण्यावर परत कधीच नेलं नाहीत. तुम्हांला ठाऊक होतं का, बाबा? मला वाचवायला तसं म्हणालात, की खरंच आपलाच हात चुकला असं वाटून जन्मभर कुढलात? हे विचारायला तरी एकदा तुम्ही समोर हवे होतात.

नातीला मी कमरेचाच घ्यायला लावला. पट्ट्याला पुढे एक गोळा आहे, तो खेचला की दोर पट्ट्यासकट मोकळा. आज आला, तेव्हा हात ओले करून, डोळे मिटून, आधी उजव्या आणि मग डाव्या हातानं तिला वीसदा सोडायला लावलं. ती वैतागली. "पुरे ना आजी! आणि तुला गं कसं कळतं यातलं?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा एकदा हात चुकला होता."

इतक्या वर्षांनीही तोंडातून तेच आलं. ती आतल्या खोलीतच आहे. हाक मारली तर येईल. मी अजून मारलेली नाही.