रांगोळीतली मधली गल्ली

आई, मी नक्की काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं, कारण तू गेलीस तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं. मी संस्थांना चित्रं काढून देते. हसू नकोस. बालवाड्या चालवणाऱ्या, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या छोट्या संस्था असतात. काम डोंगराएवढं करतात आणि अहवाल असे लिहितात की त्यांचे स्वतःचे विश्वस्तही दुसऱ्या पानावर जांभया देतात. मी त्यांच्यासोबत बसते आणि कोण कुठे राहतं, कशामुळे काय होतं, पुढच्या वर्षी काय करायचं, हे सगळं एका कागदावर नकाशात किंवा तक्त्यात मांडते. ‘ह्याला काम म्हणतात?’ असं तू विचारलं असतंस. म्हणतात, आई, हल्ली म्हणतात.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तू ट्रेसर होतीस. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेलं तू ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचीस, आणि काम साचलं की कागदाची गुंडाळी वर्तकनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात यायची. कुकर बाजूला उतरवलेला, टेबल कोरड्या फडक्याने पुसलेलं आणि तू श्वास रोखून रेघ ओढतेयस. मी दारात उभी आहे, बोलायची टाप नाही. चुकलीस की ब्लेडच्या टोकाने तेवढीच शाई खरवडतेस, कागदाला भोक न पाडता. एकदा मी शाळेसाठी महाराष्ट्राचा नकाशा रंगवला होता. निळ्या नद्या, जांभळे डोंगर, चारी बाजूंनी वेलबुट्टी. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, “छान झालाय. पण ह्यात ठाणं कुठेय?” ते वेलबुट्टीखाली गेलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तू माझ्यासाठी अक्षरांची स्टेन्सिल आणलीस, हिरवी, आरपार दिसणारी. बोलल्याची भरपाई तू अशीच करायचीस, तोंडाने कधीच नाही.

तर गेल्या महिन्यात आंबिवलीला काय झालं ते ऐक. तिथल्या एका वस्तीत एका संस्थेच्या तीन बालवाड्या आहेत. एक रस्त्याकडेला, एक पार टोकाला आणि एक मधल्या गल्लीत. शिकवणाऱ्या बायका कमी पडायला लागल्या, तेव्हा एक बंद करायची ठरली. कुठली, ते मुलं कुठे जास्त आहेत हे बघून ठरवायचं होतं. मी बायकांना समाजमंदिराच्या अंगणात बोलावलं आणि म्हटलं, तुमची वस्ती जमिनीवर काढा. त्यांनी रांगोळीने काढली. गल्ल्या, नळ, विहार, देऊळ, सगळं इतकं देखणं की बघत राहावं. मग घरात जितकी लहान मुलं तितके चिंचोके त्या घरावर ठेवायचे. मी फोटो काढले, घरी येऊन नकाशा केला. कडेच्या घरांवर दाटी आणि मधली गल्ली जवळजवळ मोकळी. मधली बालवाडी बंद करावी, असं मी विश्वस्तांना कळवून टाकलं. कोणी एक प्रश्न विचारला नाही. नकाशा नीटनेटका असला की माणसं चटकन मान डोलावतात.

बैठकीच्या आदल्या सकाळी मी अहवालाच्या मुखपृष्ठासाठी एखादा फोटो शोधत होते. प्रत्येक फोटोत बायका रांगोळीच्या भोवती उकिडव्या बसलेल्या, एका हाताने पदर आवरलेला, दुसरा लांबवलेला. आत एकही नाही. मी बालवाडीच्या ताईंना फोन लावला.

“ताई, मधल्या गल्लीत चिंचोके का नाही ठेवले कोणी?”

“अहो मॅडम, रांगोळीत पाय कोण देणार? हात पोचला तिथवर ठेवले.”

“आणि मधल्या घरांची पोरं?”

“त्यांच्या आयांनी कडेलाच ठेवले ना. एवढी मस्त काढलेली, मोडवेना हो.”

मधल्या गल्लीतल्या बऱ्याच जणी सकाळी कल्याणला धुण्याभांड्याच्या कामाला जातात. ती बालवाडी बंद झाली असती, तर त्यांची पोरं बाहेरून कडी घातलेल्या घरात बसली असती, माझ्या नकाशामुळे. मी तशीच निघाले. गल्ल्या आखलेला मोठा कागद भिंतीला लावला, बायका कामावरून परतल्यावर पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि टिकल्यांची पाकिटं वाटली. मधली गल्ली बघता बघता लाल झाली.

डोंबिवलीच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. “मागच्या आठवड्यात इथे मुलं नव्हती. आता एवढी कुठून आली? आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?” मी रांगोळीचं सांगितलं. एक-दोघं हसले, पण पटलेलं दिसेना. मग मी म्हटलं, “माझी आई ट्रेसर होती. ती म्हणायची, कागदावर कोरी जागा दिसली की आधी विचारावं, इथे काही नाही, की इथवर कोणी पोचलंच नाही?” अध्यक्षबाईंनी ते वाक्य टिपून घेतलं. मधली बालवाडी राहिली. रस्त्याकडे टिकल्या सगळ्यात कमी होत्या, म्हणून ती बंद होईल, तिथली मुलं थोडी जास्त चालतील.

हे पत्र कुठे जायचं नाहीये, म्हणून सांगते. तू असलं काही कधीच म्हणाली नव्हतीस. तू म्हणायचीस, “कागदाजवळ चहा आणू नकोस.” ते वाक्य माझंच, तिथल्या तिथे सुचलेलं. पण बैठकीतल्या त्या टेबलापाशी मला फार एकटं वाटलं आणि तू शेजारी हवी होतीस. आता संस्थेतल्या मुली ते वाक्य नव्या कार्यकर्त्यांना सांगतात, ‘मॅडमच्या आई म्हणायच्या’ असं म्हणून. मी ऐकते आणि गप्प बसते.