शेकोटीचा मान

४ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची. बसवाल्याने डेव्हनच्या माळरानावर मधोमध उतरवलं तेव्हा वाटलं, हेस्टर, फसलीस. पण 'ओल्ड पॅनियर' सराई दिसली आणि जीव सुखावला. जाड दगडी भिंती, डोकं आपटेल अशा तुळया आणि खालच्या दालनात माणूस उभा राहील एवढी शेकोटी. पिढ्यान्‌पिढ्या विझलेली नाही म्हणे. नवरा, बर्ट, गेल्यापासूनचा हा माझा पहिलाच प्रवास. आठवडाभर चालायचं, खायचं, झोपायचं आणि मग थेट पिपकडे. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तुझा हात धरायला मी असेन, असा शब्द दिलाय तिला.

जेवणात मटणाचा पाय होता, पुदिन्याच्या चटणीसोबत. मालक मिस्टर टॅपस्कॉट फार अदबीचे, पण चेहरा असा की वर्षानुवर्षं सुट्टी मिळालेली नाही.

५ नोव्हेंबर
आज वर्षातली शेकोट्यांची सणाची रात्र, देशभर होळ्या पेटतील, पोरं फटाके उडवतील. इथे कुणी काडीसुद्धा ओढली नाही.

कोपऱ्यातल्या बाकावर म्हातारा जेथ्रो बसतो, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाला, बाई, इथे कशालाही हात लावा, हवं तर माझ्या बिअरलाही, पण शेकोटीला नको. तो मान घरच्याचा. मी म्हटलं, नवऱ्याने रचलेली प्रत्येक शेकोटी मी जन्मभर मोडून पुन्हा रचली, मला नका शिकवू. सगळे हसले. टॅपस्कॉट तेवढे हसले नाहीत.

६ नोव्हेंबर
दुपारी शेकोटी बसत चालली होती. टॅपस्कॉट शेजारीच, हात मांडीवर, ओठ निळे पडलेले. ओंडका घाला की, असं मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता विझती शेकोटी नुसती बघत बसायची म्हणजे माझ्या जिवावरच येतं. उठले, राख सारली, दोन ओंडके नीट आडवे-उभे लावले. छान भडकली.

टॅपस्कॉट रडायला लागले. टोपी उचलली आणि कोट न घालताच निघून गेले. जेथ्रोने उठून माझ्यासमोर टोपी काढली, मग बाकीच्यांनीही काढली.

७ नोव्हेंबर
टॅपस्कॉट परतले नाहीत. इथे मन रमेना, आठवडा व्हायच्या आधीच मी बॅग भरून निघाले. फाटकाबाहेर पाय टाकला आणि हात निळे पडले, श्वास छातीतच अडकला. कशीबशी परत आले तर शेकोटीत नुसते निखारे. ओंडका घातला तेव्हा कुठे अंगात ऊब आली.

जेथ्रोला धारेवर धरलं. तो शांतपणे म्हणाला, सांगितलं होतं की, हात लावू नका. टॅपस्कॉटही मासे धरायला आले होते, चार दिवसांसाठी. आता दुसऱ्या कुणी आपखुशीने ओंडका घालेपर्यंत ही शेकोटी तुमची. ती विझली की तुम्हीही.

१३ नोव्हेंबर
लीड्सहून एक नवं जोडपं आलं. मुलगी गारठलेली, ओंडक्याकडे हात नेला. नुसतं गप्प बसायचं होतं मला. नाही जमलं. तिच्या हातावर चापट मारली. वेडी म्हातारी म्हणत दोघं निघून गेली.

२४ नोव्हेंबर
पिपचा फोन. मुलगी झाली. मी नव्हते. रडत होती, कुठे होतीस म्हणाली. काय सांगू तिला? तर म्हणते, बाळाला घेऊन मीच तिकडे येते. मी ओरडले, आलीस तर तोंड बघणार नाही. फोन ठेवून खूप रडले.

३ डिसेंबर
ठरवलं. आता ओंडका घालायचा नाही. माझ्यापाशीच संपू दे हे. जेथ्रोला, सगळ्यांना बाहेर काढलं. कडी — बोटं वळत नाहीत, कडी लागली नाही.

संध्याकाळ
निखारे थोडेच. आवाज गेला. पेन्सिल कशीबशी —

मोटारीचा आवाज.

पिप. कुशीत बाळ. माझे हात चोळते — आई, केवढी गार पडलीस. मला बोलता येत नाही. बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. किती ऊब आहे त्याला.

ती शेकोटीकडे वळली. राख सारते आहे — मीच शिकवलेली — आडवा, मग उभा —

मी वही पुढे करते आहे. पिप, इकडे बघ. आधी हे वाच, आधी हे वा