दाढेत राहिलेली सुई

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दाढेचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आज तो लिहूनच काढणार आहे.

मी दहावीत होते. नवागाममधल्या आपल्या घराजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे तुम्हीच मला नेलंत. त्यानं रूट कॅनाल केलं, वर सिमेंट भरलं आणि झालं म्हणाला. पण ठणका थांबला नाही. ताटावर बसले की डोळ्यांत पाणी येतं, आई भाकरी दुधात कुस्करून देते. तुम्ही मला पुन्हा त्याच्याकडेच नेता. तो माझ्याकडे न बघता तुम्हाला गुजरातीत सांगतो, ‘मास्तरसाहेब, छोकरीना मननो वहेम छे.’ म्हणजे मला नुसता भास होतोय, आणि तुम्ही मान डोलावता. बाहेर आल्यावर म्हणालात, ‘परीक्षा जवळ आली की असली दुखणी निघतात. शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल?’ मग मी कशाला बोलेन, हे तुमच्या मनातही आलं नाही. शाळेत लूम कामगारांची मुलं उशिरा आली तर तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घ्यायचात. कोणाच्या बापाची पाळी बदलली, कोणाकडे नळाला पाणी आलं नाही, सगळं खरं मानायचात. घरातल्या मुलीचं तेवढं सोंग.

गाल सुजून डोळा मिटायला लागला तेव्हा आई तुमच्यासमोर उभी राहिली. ‘आज हिला मोठ्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर मी नेते.’ आई तोवर एकटी कधी बसमध्ये चढली नव्हती. तुम्ही मुकाट्यानं रजा टाकलीत आणि आपण रिक्षानं रिंग रोडला गेलो. तिथे फक्त रूट कॅनाल करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. तुम्ही सांगायला सुरुवात केलीत, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि मला विचारलं, ‘बोल दीकरी, क्यां दुखे छे?’ मी बोटानं दाखवलं आणि रडायलाच लागले. इतक्या दिवसांत कुठे दुखतं हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी एक्स-रे काढून उजेडासमोर धरला. दाढेच्या मुळात एक बारीक पांढरी रेघ. साफ करताना सुई तुटून आत राहिली होती आणि पहिल्या डॉक्टरनं न सांगता वरून बुजवून टाकलं होतं. ‘मास्तर, छोकरी साचुं कहेती हती,’ बाई म्हणाल्या. म्हणजे मी खरंच सांगत होते. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. आणि बोललात काय, तर ‘होतं कधीकधी कोणाच्या हातून.’ त्याची बाजू घ्यायला तुम्हाला शब्द सापडले, अण्णा. माझ्यासाठी सापडले नाहीत.

बाईंनी दोन-तीन खेपांत तो तुकडा काढला, दाढ वाचवली. प्रत्येक खेपेला तुम्ही बरोबर आलात. घरी येऊन आईला फक्त ‘झालं काम’ म्हणालात. ‘तुझं खरं होतं,’ एवढंच मला ऐकायचं होतं. तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज तुम्हाला कुठे दुखतं ते विचारायचे, तेव्हाही तुम्ही ते म्हणाला नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या दाढेवरची कॅप निघाली. नव्या डॉक्टरनं एक्स-रे बघून विचारलं, ‘इतकं चांगलं काम कुठे करून घेतलंत?’ बाईंचं सांगायला हवं होतं, आईचं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, ‘माझे वडील घेऊन गेले होते.’ आणि थोडं मिरवूनच म्हणाले मी ते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून कबूल करते.