तीन बोटांची पकड

लीड्स
रविवार, दुपार

प्रिय शालू,

पत्राआधी पार्सल उघडलं असशील, तर बाबा चळला असंच वाटेल तुला. लांबट खोका, त्यात अॅल्युमिनियमची खाचाखाचांची काळी नळी आणि कागदात गुंडाळलेला लाकडाचा एक ठोकळा. तुझ्या रायफलचा नवा हँडगार्ड आहे तो. बॅरलभोवतीचं जे कवच डाव्या हातानं धरायचं, ते. मी घेतला. ज्या माणसानं पाच वर्षं जेवणाच्या टेबलावर ‘बंदूक’ हा शब्द काढू दिला नाही, त्यानं. हस खुशाल. तुझी आई तर मे महिन्यापासून परवापर्यंत हसत होती.

सायकलच्या त्या अपघाताला चौदा महिने झाले. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली आणि त्यांच्यामागोमाग तू रायफलही डीलरकडे ठेवून आलीस. दिवाळीत मँचेस्टरहून आलीस तेव्हा चकल्यांच्या घाण्यापाशी उभी राहून म्हणालीस, “बाबा, क्लबमधून एकानेपण फोन नाही केला मला. दे हॅव मूव्ह्ड ऑन.” मी झाऱ्यानं चकल्या उलटत राहिलो. पण तू परत कधी रेंजवर उभी राहशील की नाही, याशिवाय मला त्यानंतर दुसरं काही सुचेना. शेवटी मे महिन्यात तुला न सांगता तुझ्या नेमबाजीच्या क्लबात गेलो आणि चक्क प्रोबेशनरी मेंबर झालो. अडुसष्टाव्या वर्षी! फॉर्मवर ‘यापूर्वीचा अनुभव’ या रकान्यात ‘विरोध’ लिहावं असं फार मनात आलं होतं.

तुझी कोच मॉरीन ही काय बाई आहे गं! पंचवीस वर्षं याच गावात बस चालवली, आवाज कधी चढवत नाही, आणि समोरच्याला त्याचा मूर्खपणा स्वतःच्या हातानं मोजायला लावते. मी तिला म्हटलं, शाल्मलीच्या हाताला जमेल असा हँडगार्ड शोधायचाय. तिनं क्लबच्या जुन्या सामानाची पेटी पुढे सरकवली, म्हणाली, निवडा. मग काय, आपला पुणेरी स्वभाव उफाळून आला. असू दे, लागेल कधीतरी. सगळ्यात लांब, चारही बाजूंना दातेरी पट्ट्या असलेला हँडगार्ड उचलला. त्यावर दोन पायांचं स्टँड, एक उभी मूठ, एक तिरकी मूठ, शिवाय टॉर्च. लख्ख उजेडातल्या इनडोअर रेंजवर टॉर्च! मॉरीननं निमूटपणे ते सगळं क्लबच्या रायफलवर चढवलं आणि मला म्हणाली, तीन मिनिटं उभं राहून धरा. दुसऱ्याच मिनिटाला माझा दंड लटपटायला लागला. मग तिनं एकेक वस्तू काढायला घेतली. काढण्याआधी विचारायची, याचं काम काय? मला उत्तर आलं नाही की वस्तू टेबलावर. पाच मिनिटांत टेबल भरलं.

पुढच्या रविवारी मी डाव्या हाताची ती दोन बोटं आत दुमडून मायक्रोपोरच्या चिकटपट्टीनं बांधली आणि मगच रायफल धरली. शालू, पस्तीस वर्षं मी लोकांची हाडं जोडली. करंगळी गेलेल्या किती पेशंटना बिनदिक्कत सांगितलं असेल की तिच्यावाचून फारसं अडत नाही. अडतं गं. सगळी पकड त्या दोन बोटांतच असते. रायफल बाहेरच्या बाजूला कलंडत राहिली आणि सावरण्याच्या नादात उरलेल्या बोटांना पेटके आले. तू हे कुणालाही न सांगता वर्षभर दाराच्या मुठीपासून कुकरच्या झाकणापर्यंत सोसते आहेस, हे मला तेव्हा कळलं. बापाला, आणि तोही हाडांचा डॉक्टर!

म्हणून हा निवडला. एम-लॉक म्हणतात याला. दातेरी पट्ट्या नाहीत, म्हणून बारीक आणि हलका. नुसत्या खाचा. जिथे काही हवं तिथेच ते बसवायचं, बाकीची जागा मोकळी. आम्ही हाडाला प्लेट लावतो तेव्हा भोकं दहा असली तरी स्क्रू लागतील तेवढेच घालतो, तसंच. हा हँडगार्ड फक्त मागच्या टोकाला बसतो, बॅरलला कुठेच टेकत नाही. त्यामुळे हाताचा दाब कमीजास्त झाला तरी नेम बिघडायचा नाही. लाकडाचा ठोकळा मॉरीननं स्वतः घासून बनवलाय. अंगठ्याखालचा तळवा त्याला नुसता टेकवायचा, आवळायचं काही नाही. तिसऱ्या खाचेत बसवला तर माझं मनगट वळत होतं, चौथीत कोपर नीट बरगडीपाशी आलं. पेन्सिलनं खूण केली आहे, पण हात तुझा आहे, तू तुझं ठरव.

मॉरीननं मला तुझ्या मॅचचे व्हिडिओ दाखवले. पाच वर्षांत मी एकदाही आलो नव्हतो. तू उभी राहतेस, श्वास सोडतेस, आणि मनासारखं जुळलं नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करतेस. घड्याळ धावत असताना! एवढा धीर मला ऑपरेशन थिएटरमध्ये कधी जमला नाही. मला तुझा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज वाटली.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. क्लबमधून फोन आला होता. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, वॉर्डमध्ये, तुझा मोबाइल माझ्या खिशात होता तेव्हा. मॉरीन विचारत होती, भेटायला कधी येऊ, आणि टीममधली तिची जागा राखून ठेवू ना? तू दहा फुटांवर झोपली होतीस. मी म्हणालो, ती आता शूटिंग करणार नाही, कृपा करून पुन्हा फोन करू नका. मग तो कॉल पुसून टाकला. शाळेत टीचरनं तुला नाव विचारलं तरी मीच सांगायचो, तसंच हेही उत्तर तुझ्या वतीनं देऊन मोकळा झालो. मॉरीननं पहिल्याच दिवशी माझा आवाज ओळखला होता. गेल्या रविवारपर्यंत ती त्याबद्दल बोलली नाही. मग चौदा जणांच्या सह्यांचं, गेल्या वर्षीच्या जुलैची तारीख असलेलं, माझ्या त्या उत्तरामुळे तुला न पाठवलेलं ग्रीटिंग कार्ड माझ्या हातात दिलं. ते खोक्याच्या तळाशी आहे. आईला काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तूही बोलली नाहीस तर मला तक्रार करायचा हक्क नाही. निघताना मॉरीननं विचारलं, शाल्मली येईल का परत? माझ्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. मी म्हणालो, तिलाच विचारा. शनिवारी अकरा वाजता ती तुला फोन करणार आहे.

तुझाच,
बाबा