चौथ्या कडव्याला बंद पडणारा ट्रॅक्टर

परममित्र भोवऱ्या,

(छत्तीस वर्षे पंपांची इंजिने दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माणसाला या नावाने हाक मारणे शोभत नाही, हे मला कळते. पण पाचवीत बाकावर बसल्या बसल्या गोल फिरणाऱ्या मुलाला मास्तरांनी दिलेली पदवी काढून घेणारा मी कोण?) तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते विसरलो. जो दुखत असेल त्याची विचारपूस समज. वहिनींनाही माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघे ठणठणीत. तुझ्या वहिनीचा रक्तदाब माझ्या वागण्यावर चालतो, तेव्हा त्याची हकीकत पुढे ओघाने येईलच.

तर, मी ट्रॅक्टर चालवतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मीही लिहिल्यावर दोनदा वाचले. शेतातला नव्हे, बागेतला. वर गादीची खुर्ची, पोटाखाली गवत कापायचे पाते, अंगाने लहान आणि आवाज मात्र थोरल्या भावाचा. घरामागच्या आवारात गवत गुडघ्यापर्यंत आले म्हणून मुलाने तो जुना विकत आणला आणि सुट्टीच्या दिवशी आपण चालवू म्हणाला. दुसऱ्याच दिवशी, तो कामावर गेल्यावर, मी वर जाऊन बसलो. काय सांगू तुला! वाऱ्याने डोक्यावरचे उरलेले चार केस उडत होते आणि मी सगळ्या आवाराचा धनी होतो. दोन तास फेऱ्या मारल्या. गवत मात्र होते तेवढेच. गवत चिवट आहे, असे मी ठरवले. तेवढ्यात तुझ्या वहिनीने खिडकीतून विचारले, "अहो, गवताला वारा घालताय का?" पाते खाली सोडायचा दांडा वेगळा असतो, हे मला तेव्हा कळले. (माहितीची पुस्तिका होती. मी वाचायला घेतलीही होती. पण तीन पानांत एकही देखणे वाक्य सापडेना, म्हणून मिटून ठेवली.)

पाते खाली आले, गवत पडू लागले आणि खरे दुखणे सुरू झाले. ट्रॅक्टर झकास चालायचा आणि पाण्याच्या टाकीजवळ पोहोचला की एकदम गप्प व्हायचा. रोज तिथेच. मी विचार केला, तिथे जमीन उतरती आहे, पेट्रोल मागे सरकत असेल. तीन दिवस फावड्याने जमीन सपाट केली. चौथ्या दिवशी मी फेरी उलट बाजूने सुरू केली, तर हा पठ्ठ्या फाटकाजवळ बंद! मग प्लग बदलला, हवेची जाळी धुतली, टाकी रिकामी केली. (पेट्रोल ज्या बादलीत काढले ती कपड्यांची निघाली. त्यावर मी काही लिहीत नाही.) शेवटी कार्बोरेटर उघडला. एकेक स्क्रू काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, कवितेच्या ओळी मांडाव्यात तसा, म्हणजे परत लावताना क्रम चुकणार नाही. मी हात धुवायला गेलो आणि तुझ्या वहिनीने ते वर्तमानपत्र अंगणात झटकले. मुक्तछंदातली कविताही कविताच असते, म्हणून मी सुचेल तसे जोडले. चार स्क्रू उरले. तरी इंजिन सुरू झाले, भोवऱ्या! छत्तीस वर्षांत तुझ्या हातून कधी चार स्क्रू वाचले होते का?

बंद पडणे मात्र थांबेना. मेकॅनिक तीनदा येऊन गेला. तो बसला की ट्रॅक्टर आज्ञाधारक, मी बसलो की मौनव्रत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, यंत्रात काही नाही. तुमचं आणि त्याचं पटत नाही एवढंच." हे मुलाच्या कानावर गेले. त्याने सरळ सांगितले, "बाबा, रविवारी सगळं आवार एका दमात कापून दाखवा. मध्ये बंद पडला, तर नर्सरीवाल्याला देऊन टाकतो, तो मागतोच आहे." या वयात माणसाच्या हातातून एकेक गोष्ट सुटत जाते. आधी सायकल गेली, मग शिडीवर चढणे गेले, मग विजेच्या बटणांची दुरुस्ती. ट्रॅक्टरची किल्ली ही बऱ्याच वर्षांनी हातात आलेली वस्तू होती, गेलेली नव्हे.

आणि शनिवारी तुझी वहिनी दोरीवर कपडे वाळत घालताना थबकली. मी फेरीवर होतो आणि नेहमीप्रमाणे कविता म्हणत होतो. कोणती, ते तुला सांगायला नको. वादळातल्या नाविकाची. मास्तरांचा दंडक आठवतो ना? तीन कडवी बसून, आणि चौथ्यात नाविक होडीत उभा राहिला की वर्गानेही ताडकन उभे राहायचे. जो बसून राहील त्याच्या दिशेने डस्टर. साठ वर्षे झाली, पण ती ओळ आली की माझे शरीर मला विचारत नाही. तुझी वहिनी चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "अहो, तुम्ही उठता म्हणून तो बंद पडतो!" गादीखाली बटण असते. पाते खाली फिरत असताना वजन उठले की इंजिन थांबते, म्हणजे पडलेल्या माणसावर पाते फिरू नये. हे पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होते. मी तिसऱ्यावर मिटली होती.

रविवारी मुलगा, मेकॅनिक आणि नर्सरीवाला पायरीवर चहा घेऊन बसले. मी तोंडात पेपरमिंटची गोळी धरली आणि चढलो. दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीला टाकीजवळ कविता आपोआप घशाशी आली. वारा सुटला होता, गवताचा वास येत होता, नाविक उठायच्या बेतात होता. मी डाव्या हाताने गादीची कड घट्ट धरली, दात आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा नाविकाला मनात म्हटले, बुड बाबा, आज मला वेळ नाही. सगळे आवार कापले. एकदाही बंद न पडता! मुलाने किल्ली माझ्या खिशात घातली. मेकॅनिकने विचारले, "काका, बिघाड होता तरी काय?" खरे सांगता आले असते. पण तिघे बघत होते, मान ताठ होती, आणि माझ्या तोंडून निघाले, "कार्बोरेटरचा समतोल गेला होता. कानाने ऐकावा लागतो." त्याने हात जोडले. मीही आशीर्वाद दिला.

प्रकृतीला जप. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझा बाकावरचा उजवीकडचा,
(आता ट्रॅक्टरवाला)

ता. क. सगळे घरात गेल्यावर इंजिन बंद करून, गादीवर उभा राहून मी चौथे कडवे म्हटले. नाविकाची माफी मागितली.

ता. क. २. महत्त्वाचे राहिलेच. मेकॅनिकने गावभर माझे कौतुक केले आणि गुरुवारी तो एका गिऱ्हाइकाचा बिघडलेला ट्रॅक्टर "काकांच्या कानाला" दाखवायला आणतो आहे. मुलाला खरे कळले तर किल्ली गेली. तू बुधवारीच ये. हत्यारे कपड्यांच्या खाली ठेव. कोणी विचारले तर हवापालटाला आलो म्हण. मी कान लावून उभा राहीन, तू शेजारी खोकून खुणा कर.

ता. क. ३. भाऊजी, पत्र टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून दोन ओळी लिहिते. मुलाला मी शनिवारीच सगळे सांगितले होते. मेकॅनिकलाही माहीत आहे. गुरुवारचा ट्रॅक्टर धडधाकट आहे, नुसती यांची गंमत करायची आहे. नर्सरीवाल्याला तर आधीच नाही म्हणून कळवले होते, तो बापडा चहा प्यायला आला होता. रविवारी यांना गादीवर उभे राहून कडवे म्हणताना आम्ही खिडकीतून पाहिले. मुलगा म्हणतो, "ज्या दिवशी बाबा त्या कडव्याला उठायचे थांबतील, त्या दिवशी किल्ली काढून घेऊ." हे यांना सांगू नका. हत्यारांचे ओझे आणू नका, पण या नक्की, आणि चांगले जोरात खोका.