अमोलिकांची वाईट बाजू

सौ. उज्वलाताईस,

धाकट्या गोरक्षचा इंदिरानगरहून वाकून नमस्कार. इगतपुरीच्या दमट हवेत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (तेल लावतेस का, हे विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.) आम्ही मजेत, आणि सोसायटीच्या कमिटीत माझं वजन पूर्वीपेक्षा वाढलंय.

आमचे सेक्रेटरी मनोज अमोलिक तुला आठवत असतील. लिफ्ट बंद होती तेव्हा तुझ्या तांदळाच्या पिशव्या वर आणून देणारे. त्यांच्या चर्चने त्यांना मंडळीचे ‘वडील’ नेमायचं ठरवलं. (यात वयाचा संबंध नाही, ते पंचासारखं पद आहे.) त्यासाठी त्यांचे पाळकसाहेब (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) आमच्याकडे चौकशीला आले. मी म्हटलं, तुमच्या माणसाची चौकशी आमच्याकडे कशाला? ते शांतपणे म्हणाले, “मंडळीत सगळे चांगलंच बोलतात. पण ज्याचं बाहेरच्यांत नाव चांगलं नाही, त्याला पुढं बसवू नये असं आमचं शास्त्र सांगतं. रविवारी निवांत येतो, तोवर आठवून ठेवा.”

मला हे फार पटलं. पण खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंना घाम फुटला. अमोलिक चर्चच्या कामात गुंतले तर उन्हाळ्यात टँकरवाल्याशी कोण बोलणार? मग कमिटीची गुपचूप बैठक झाली आणि ठरलं की पाळकांना अमोलिकांविषयी थोडं वाईट सांगायचं. फार नाही, पद हुकेल इतकंच. कामगिरी अर्थातच माझ्यावर आली, कारण असं नाजूक बोलणं माझ्याशिवाय कुणाला जमत नाही.

रविवारी पाळक आले. मी सुरुवात केली, माणूस हट्टी आहे. कशावरून, तर मी गच्चीवर पत्र्याची शेड घालत होतो, ती घालू दिली नाही. दिवाळीला माझ्याकडे फराळ करून गेले होते, तरीही नाही! पाळकांचा चेहरा खुलला. मग मी म्हटलं, भांडखोर आहेत, अर्धा टँकर रिकामा आला म्हणून भर रस्त्यात परत पाठवला. पाळक आणखी खूश. तेवढ्यात विमलाबाई चहा घेऊन आल्या (चहा हे निमित्त, दाराआड उभ्या होत्या) आणि बेत विसरून माझ्यावरच घसरल्या. “काय बोलताय गोरक्षराव? मी दवाखान्यात होते तेव्हा डबा कोण आणत होतं? माझा मुलगा की अमोलिक?” आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. ताई, कट त्यांचाच होता.

पाळकांनी मग मला एकच विचारलं, घर बंद करून गावाला गेलात तर किल्ली त्यांच्याकडे ठेवाल का? मी ‘छे’ म्हणणार तोच आठवलं. तुझी भावजय रोहिणी सकाळीच त्र्यंबकेश्वरला गेली होती आणि जाताना किल्ली अमोलिकांकडे देऊन गेली होती. खुद्द मी घरात असताना! “आत्ता तिथंच आहे,” मी म्हटलं. खोटं बोलायची तयारी होती, पण त्या माणसाबद्दल ते तोंडातून निघेना.

अमोलिक वडील झाले. आम्ही सगळे चर्चमध्ये जाऊन टाळ्या वाजवून आलो. त्यांनी सेक्रेटरीपद मात्र सोडलं. ती जागा मीच भरणार, यात कुणाला शंका नाही.

तुझा,
गोरक्ष

ता. क. विमलाबाईंना शंका आहे. त्यांचं म्हणणं, आपणही उमेदवाराची बाहेर चौकशी करावी. त्यांनी तुझा नंबर घेतलाय. ‘भाऊ चांगला आहे’ एवढंच सांग, खोलात जाऊ नकोस.

ता. क. २. फोन दाजींना उचलू देऊ नकोस.