बाबांचा क्लॅरिनेटचा दात

१० नोव्हें., सोम.
बाबांच्या समोरच्या नकली दाताचा हाडात बसवलेला स्क्रू आज काढला, कॅम्प ५ च्या दातांच्या डॉक्टरांनी. हिरडीत पू, आतलं हाड खाल्लेलं. "बेटा, हड्डी भरने दे, फिर देखेंगे. पर इन्फेक्शन वापस नहीं होगा, ऐसा कोई नहीं बोल सकता." रिक्षात बाबा तोंडाला रुमाल लावून बसलेले. वरचा दात नाही तर क्लॅरिनेट कशावर टेकवणार? सगळा जन्म हळदीत वाजवण्यात गेला माणसाचा.

११ नोव्हें.
आणि मी काय करते? अंबरनाथच्या लॅबमध्ये दिवसभर असल्याच स्क्रूंवर आणि टायटॅनियमच्या चकत्यांवर पेप्टाइडचा थर चढवते. जंतू चिकटला की मेलाच पाहिजे, असा थर. हसू येतं, रडूही.
सरांना विचारलं, माणसात कधी? "अगं, अजून आपलं जंतूंच्या बशीतच चाललंय. मग प्राणी, मग परवानग्या. वर्षं जातील."

१७ नोव्हें., सोम.
बशा उघडल्या. थरवाल्या चकत्यांवर जंतूच जंतू, साध्यांवर तेवढेच. मेहनत पाण्यात.

१८ नोव्हें.
कळलं. मीच येडी! आधी स्क्रूच्या कारखान्यात पॅकिंगला होते ना, तिथे प्रत्येक स्क्रू शेवटी निर्जंतुक व्हायला वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये जायचा. हाताला तीच सवय. थर चढवला आणि दिल्या चकत्या ढकलून. त्या वाफेत नाजूक थर टिकतोय कसला.
सर एवढंच म्हणाले, "पॅकिंगचा हात गेला नाही तुझा." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता आधी वाफ, मग थर.

२३ नोव्हें., रवि.
बेलवलीत काकांच्या निलूची हळद. बँड बाहेरचा. बाबा क्लॅरिनेट घेऊन आले होते! मांडीवर आडवी. ओठांना लावली नाही, पण प्रत्येक गाण्याला बोटं चाव्यांवर चालत होती. आत्या म्हणाली, "दादूस, वाजव ना रं जरा." बाबा हसले, तोंड मिटूनच.
माझ्या दहावीच्या निकालाला गच्चीवर वाजवली होती, अख्खी आळी जमली होती. मला ते परत ऐकायचंय. बस, बाकी काही नको.

२६ नोव्हें., बुध.
बशा स्वच्छ!! थरवाल्यांवर जवळपास काहीच नाही. सरांनी दालपकवान मागवलं.
सगळे खाताना टेबलावर एक थर दिलेला स्क्रू पडलेला. उचलला. पर्सची चेन उघडली. डॉक्टरांच्या हातापाया पडले तर बसवतील कदाचित... आणि बिघडलं तर? उरलंसुरलं हाड बाबांचंच जाणार. लॅबच्या डबीत ठेवून दिला.

२७ नोव्हें.
जेवताना बाबांना सांगून बसले, आमचं जमलं म्हणून. कशाला सांगितलं?
"मंग माझा स्क्रू कवा येल गो?"
बघू, म्हटलं.

२८ नोव्हें., शुक्र.
कामाला निघताना ओट्यावर वाटी दिसली. पाण्यात क्लॅरिनेटची रीड, तोंडाकडची पातळ पट्टी, भिजत घातलेली. वाजवायला निघायच्या आधी बाबा घालायचे तशी.
पाणी ओतून दिलं नाही मी.